कुठला ठेवायचा?

मिरा रोडला पत्ता सांगणं हा जुगार आहे. शांतीनगर म्हणावं तर सेक्टर कितवा, सेक्टर सांगावा तर इमारतीचं अक्षर कोणतं, आणि साईबाबांच्या नावाची इमारत सांगितलीत तर रिक्षावाला मान मागे वळवून विचारतो, "कौनसा साई?" बाकीचे लोक या प्रश्नाने वैतागतात. दुबारकाकांचा चेहरा मात्र खुलतो. एका अनोळखी माणसाने भर रस्त्यात त्यांच्या आयुष्यातला मूळ प्रश्न विचारलेला असतो.

दुबारकाका हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. मिरा-भाईंदरच्या प्रत्येक जुन्या सोसायटीत हा इसम असतोच. गिरगाव, परळ, दादर यांपैकी कुठल्या तरी चाळीत जन्म, नव्वदच्या दशकात मिरा रोडला वन रूम किचन, फोर्टातल्या एखाद्या विमा नाहीतर बँकेच्या कचेरीत संगणक विभागात नोकरी, आता निवृत्त. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं (एक चालत नाही, पण कुठलं ते त्यांना पक्कं ठाऊक), आणि हातात यादी. यादी कसलीही चालते. गणपतीची वर्गणी, पार्किंग, पाण्याचे टँकर, लग्नाची आमंत्रणं. शीतलनगरला एक दुबारकाका आहेत, नवघर रोडला एक आहेत, भाईंदर पश्चिमेला तर दोन. म्हणजे हा इसमही दुबारच आहे, पण तो विषय त्यांच्यासमोर काढू नये.

त्यांना एकच गोष्ट कळते आणि ती पुरेपूर कळते: एकच नोंद दोनदा झाली आहे का. सकाळी गाडीत बसायला जागा मिळावी म्हणून मिरा रोडचे लोक आधी उलटे भाईंदरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसून पुन्हा मिरा रोडवरूनच पुढे जातात. आपण याला रिटर्न मारणं म्हणतो. काकांनी नोकरीची सगळी वर्षं रिटर्न मारला आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा मिरा रोड आलं की शेजाऱ्याला म्हणाले, "ही एंट्री डबल झाली." नात्यातल्या एका लग्नाला त्यांना मुलाकडची आणि मुलीकडची अशी दोन्ही आमंत्रणं आली, तेव्हा त्यांनी दोन्हीकडे फोन करून विचारलं, "कुठलं ठेवायचं?" दोन्ही घरी आठवडाभर चर्चा, की काकांना नक्की राग कशाचा आलाय. काकूंनीच शेवटी निकाल दिला. "जेवा कुठल्याही पंगतीला, पण पाकीट एकच जाईल."

गंमत बाजूला ठेवली तर हा माणूस फार उपयोगी आहे, हे मला सोसायटीच्या वर्गणीच्या यादीवरून पटलं. आमच्याकडे निम्मे फ्लॅट भाड्याने. करार अकरा महिन्यांचा. दर अकरा महिन्यांनी एक कुटुंब जातं, दुसरं येतं, कधी तेच कुटुंब ए विंगमधून सी विंगमध्ये येतं, आणि दर वेळी उत्साही पोरं यादीत नवी ओळ घालतात. जुनी कोणी काढत नाही. यादी एवढी फुगली, की तिच्यानुसार आमची चार मजली इमारत सात मजली असायला हवी होती.

सेक्रेटरीसाहेबांनी एका रविवारी एक्सेलमध्ये शिरून डुप्लिकेट काढायचं बटण दाबलं आणि विजयी मुद्रेने काकांकडे आले.

"काका, बरीच नावं उडवली. एका मिनिटात!"

"कुठली उडवली?"

"डुप्लिकेट."

"साहेब, डुप्लिकेट एकटा नसतो. जोडी असते. जोडीतला कुठला उडवला?"

सेक्रेटरींना हे सांगता येईना. ते बटण वरची ओळ ठेवतं आणि खालची उडवतं. वरची ओळ म्हणजे आधी लिहिलेली, म्हणजे जुनी. नवे फोन नंबर गेले, जुने राहिले. पुढच्याच आठवड्यात ३०२ मधून खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं, वॉचमनने यादीतला नंबर फिरवला, तो लागला नायगावला राहायला गेलेल्या जुन्या भाडेकरूला. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेल्याचा त्याला अजून राग होता. तो म्हणाला, "वाहू द्या."

मग काका यादी घेऊन बसले. संगणकावर मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर चालू केलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे यादीची जशीच्या तशी एक प्रत वेगळ्या तक्त्यात ठेवली. "काढणाऱ्याने परत ठेवायची सोय आधी करावी." दुसरी गोष्ट, इंडेक्स बांधला.

इंडेक्स म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची नावांची पाटी, एवढं समजलं की पुरे. पाटी लावल्याने कोणाचा फ्लॅट हलत नाही. नावं तेवढी क्रमाने लागतात आणि पुढे खोलीचा नंबर असतो. पाटी नसेल तर प्रत्येक दार वाजवावं लागेल. दुबार शोधताना तर प्रत्येक दारावरून उरलेल्या प्रत्येक दाराशी जावं लागेल. एक लाख नोंदी असतील तर अशा जोड्या होतात जवळपास पाचशे कोटी. इंडेक्स बांधला की सारखी नावं आपोआप एकमेकांना खेटून उभी राहतात, आणि वरून खाली एकदाच नजर फिरवली की दुबार सापडतो. ही युक्ती ज्या झाडासारख्या रचनेवर चालते ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट या दोघांनी १९७० च्या सुमारास बोईंग या विमानं बनवणाऱ्या कंपनीत असताना मांडली. काका हे सांगताना आवाज थोडा खाली आणतात.

"बांधायचा कशावर, ते महत्त्वाचं," ते म्हणाले. नुसत्या आडनावावर बांधला तर सगळे पाटील एकत्र येतील आणि भांडतील. आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि फ्लॅट, या क्रमाने चारही मिळून एक इंडेक्स. त्यातही क्रम चुकला तर उपयोग नाही. फ्लॅट पहिला घातलात तर सी विंगमध्ये गेलेला ए विंगवाला कधीच स्वतःशेजारी येणार नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "मग आता सरळ युनिक इंडेक्सच लावा ना, दुबार येणारच नाही."

युनिक इंडेक्स म्हणजे जो दुसरी सारखी नोंद आतच घेत नाही असा इंडेक्स. पण तो मानी आहे. तक्त्यात आधीच एक जरी दुबार असेल तरी तो बांधूनच घेत नाही, रुसून बसतो. घर आधी झाडा, मग मी येतो. मायएसक्यूएलमध्ये पूर्वी त्याला "दुर्लक्ष कर" असा हुकूम देऊन बसवता येत असे. मग तो निमूटपणे बसायचा, आणि बसताना जोडीतली एक ओळ ठेवून बाकीच्या गिळून टाकायचा, कोणाला न विचारता. ही सोय ५.७ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. काकांच्या मते मायएसक्यूएलवाल्यांनी केलेलं ते एकमेव पुण्यकर्म.

आणि रिकाम्या रकान्यांचं काय? फ्लॅटचा रकाना कोराच असलेल्या दोन ओळी, बाकी सगळं सारखं. युनिक इंडेक्स दोघांनाही आत घेतो. कारण डेटाबेसच्या न्यायाने कोरं म्हणजे "माहीत नाही", आणि ज्याचं काहीच माहीत नाही तो दुसऱ्या काहीच-माहीत-नसलेल्याशी सारखा आहे असं म्हणायचं कशाच्या जोरावर? मला हा न्याय माणसांच्या न्यायापेक्षा बरा वाटला. आपल्याकडे ज्याचं काही माहीत नसतं त्याच्याबद्दलच सगळे छातीठोक बोलतात.

काढण्याची वेळ आली तेव्हा काका आणखी रेंगाळले. प्रत्येक ओळीला वर्गणीच्या पावत्या चिकटलेल्या. ओळ उडवली की पावत्या पोरक्या. आधी पावत्या ठेवायच्या ओळीच्या नावावर चढवायच्या, मगच दुसरी ओळ काढायची. आणि पावत्यांच्या तक्त्यालाही त्या रकान्यावर इंडेक्स हवा, नाहीतर एकेक नाव काढताना संगणक सगळ्या पावत्या पहिल्यापासून चाळतो. हे पोरं हमखास विसरतात, असं काका म्हणाले, आणि पोरांनी हमखास विसरलेलं होतं. सगळं झाल्यावर शेवटी युनिक इंडेक्स बसला. सेक्रेटरींनी एका मिनिटात केलेल्या कामाला काकांना दीड महिना लागला. वर्गणी त्या वर्षी दिवाळीनंतर गोळा झाली.

एवढ्यावर हा माणूस सोसायटीपुरता राहिला असता. पण निवडणूक आली.

मिरा-भाईंदर महानगरपालिका २००२ ची. तिची मागची निवडणूक ऑगस्ट २०१७ मध्ये झाली, २०२२ मध्ये मुदत संपली, मग प्रशासक, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ ही मतदानाची तारीख. २४ प्रभाग, ९५ जागा, आणि इच्छुक किती ते मोजायला इंडेक्सही पुरा पडला नसता. त्यात महाराष्ट्रभर दुबार मतदारांवरून रण पेटलेलं. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत विरोधी पक्षांचा मोर्चा निघाला, आणि ज्या शब्दाला आजवर काकांशिवाय कोणी विचारत नव्हतं तो शब्द टीव्हीवर तासातासाला येऊ लागला. काकांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली असं काकू सांगतात.

२० नोव्हेंबरला प्रारूप याद्या आल्या आणि संध्याकाळीच एक इच्छुक गठ्ठा घेऊन काकांच्या दारात. मागे चार पोरं.

"काका, तुमचंच नाव ऐकून आलोय. हे बघा, नावापुढे दोन तारे. सगळे दुबार. सगळ्यांचे सात नंबर भरून टाकू. पोरं सह्या करतील."

"भाऊ, बसा. पाणी घ्या. सात नंबरचा फॉर्म म्हणजे नाव काढण्याचा. खोटी माहिती लिहून दिली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ३१ वं कलम आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पोरांच्या सह्या म्हणजे पोरं आत. आणि नुसत्या फॉर्मने नाव जात नाही, त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते."

"पण दुबार तर आहेत ना?"

"असतील. कुठला ठेवायचा?"

इच्छुकाला आपला ठेवायचा होता, हे उघड होतं. पण कोणता आपला, हेच यादीवरून कळत नव्हतं.

पुढचा पाऊण तास काकांनी त्याला तारे समजावून सांगितले. तोपर्यंत इच्छुकाची समजूत होती की तारा म्हणजे चोर. प्रत्यक्षात पालिकेची यादी राज्य निवडणूक आयोग स्वतः तयार करत नाही; विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत वाटतो. नाव घालायचा वा काढायचा अधिकार त्याच्याकडे नाही. म्हणून संभाव्य दुबारापुढे नुसती खूण करायची. मग त्या मतदाराला गाठून कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून घ्यायचं. तो सापडलाच नाही तर मतदानाच्या दिवशी ओळख नीट तपासून दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणारही नाही, असं हमीपत्र घ्यायचं. काकांचे डोळे हे सांगताना पाणावले होते. राज्याचा निवडणूक आयोग घरोघरी माणसं पाठवून विचारत होता, कुठला ठेवायचा!

यादी मिळते ती पीडीएफमध्ये, आणि पानं म्हणजे नुसती चित्रं. शोध घेता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्या, ही मागणी काँग्रेसच्या कमलनाथ आणि सचिन पायलट यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात नेली होती, ऑक्टोबर २०१८ मध्ये ती फेटाळली गेली. काकांनी न्यायालयाचा मान राखला आणि आमचा यादी भाग बोटांनी टंकला. इंडेक्स बांधला. आणि मग जे दिसलं ते पाहून इच्छुकाची पोरं एकेक करत खाली चहाला गेली.

खरे दुबार इंडेक्समध्ये शेजारी नव्हतेच. मिरा रोडचा मतदार म्हणजे निम्मं भारतदर्शन. एकच आडनाव एका पानावर शेख, दुसऱ्यावर शैख, तिसऱ्यावर शेक. मोहम्मद, मोहंमद आणि नुसतं मो. कुलकर्णी आणि कुळकर्णी. पत्त्यात शांतीनगर, शांती नगर आणि शान्ति नगर, म्हणजे संगणकाच्या लेखी तीन वेगवेगळी गावं. घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा एक आडवी रेघ. जन्मतारीख छापलेली नाहीच, वय आहे, आणि ते एकीकडे ४१, दुसरीकडे ४३. उलट जे अगदी खेटून उभे होते ते दुबार नव्हते. दोन संजय पाटील, वडिलांचं नावही एकच, वयात एका वर्षाचा फरक. काका दोघांच्याही घरी जाऊन आले. एक पोलिसांत, एक डेअरीवाला. दोघांनी एकमेकांना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आता ते मित्र आहेत.

"उच्चारावरून शोधायची सोय नाही का?" मी विचारलं.

आहे. साउंडेक्स नावाची, अमेरिकेतल्या रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये पेटंट घेतलेली. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. इंग्रजी स्पेलिंगवर ती चालते आणि शेखांची सगळी रूपं ती खरोखरच एका ओळीत आणते, एस २००. काका खूश झाले आणि त्यांनी ती सबंध यादीवर चालवली. शिंदे आले एस ५३०. सावंत आले एस ५३०. म्हणजे रसेलसाहेबांच्या हिशोबाने शिंदे आणि सावंत एकच. मिरा रोडच्या कोकणी मंडळींपुढे हे बोलून दाखवायची हिंमत काकांना झाली नाही. त्यांनी तो निकाल गुपचूप पुसला.

आकड्यांचाही भरवसा नाही. मार्च २०२५ मध्ये भारत निवडणूक आयोगानेच मान्य केलं, की वेगवेगळ्या राज्यांतल्या काही मतदारांच्या ओळखपत्रांवर एकच क्रमांक पडलाय. माणसं दोन, क्रमांक एक. त्या क्रमांकावर युनिक इंडेक्स लावला असता तर दोन्ही खऱ्या माणसांपैकी एकाला दारातून परत जावं लागलं असतं.

सर्वात अवघड निघाल्या लग्न झालेल्या बायका. माहेरच्या यादीत वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, सासरच्या यादीत पतीचं नाव आणि नवं आडनाव. चार रकान्यांपैकी तीन बदललेले. कुठलाही इंडेक्स त्या दोघींना समोरासमोर आणत नाही. काका तीन रात्री याच्यावर बसले. चौथ्या दिवशी काकू मटार सोलताना पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, ही म्हणजे बी विंगमधली. लग्न होऊन पूनमसागरला गेली. आणि ही खालची, हिने नाव बदललंच नाही, ती बारशाला आली होती तेव्हा म्हणाली होती." मटार संपेपर्यंत त्यांनी आणखी बऱ्याच जणी लावून दिल्या. काका टिपत गेले. मला विचाराल तर या भागातला खरा डेटाबेस हळदीकुंकवाच्या दिवशी चालू होतो आणि त्याला वीज लागत नाही.

आणि एवढे दुबार झाले कसे, याचं उत्तर इच्छुकाला अपेक्षित होतं तेवढं रंगतदार निघालं नाही. काही ठिकाणी लबाडी असेल, ती शोधणं काकांचं काम नव्हतं. आमच्या यादी भागात मात्र जे लोक भेटले त्यांची गोष्ट एकच. भाड्याचं घर बदललं, कोणीतरी टेबल टाकून बसलेलं दिसलं, नव्याने नाव नोंदवायचा ६ नंबरचा फॉर्म भरला, जुनं नाव आधीच्या पत्त्यावर तसंच. त्यात हे शहर विधानसभेला दोन मतदारसंघांत कापलेलं, १४५ मिरा-भाईंदर आणि १४६ ओवळा-माजिवडा. चार गल्ल्या ओलांडून घर घेतलं तरी यादी बदलते. शिवाय गावचं नाव. रत्नागिरीच्या थोरल्या भावाचा फोन येतो, "ग्रामपंचायतीला एकेक मत मोलाचं, नाव काढू नकोस हां." मग धाकटा दोन्हीकडे. काकांनी अशा एकाला विचारलं, कुठला ठेवायचा? तो रात्रभर झोपला नाही. एक पत्ता जिथे तो झोपतो तो, दुसरा जिथे त्याचा देव आहे तो.

शेवटी काकांनी त्या धाकट्याचा अर्ज त्याच्याकडूनच भरून घेतला. इच्छुकाला तिकीट मिळालं नाही. पण जाता जाता त्याने विचारलं, "काका, पुढच्या वेळी पाच वर्षं आधीपासून सुरुवात करू या का?" काकांनी लगेच तारीख दिली.

तेव्हा मिरा-भाईंदरच्या भाडेकरू मंडळींना एवढंच सांगणं. अकरा महिन्यांचा करार संपून घर बदललंत, तर पुन्हा ६ नंबर भरू नका. पत्ता बदलायला ८ नंबरचा फॉर्म आहे. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो आणि नाव जुन्या जागेवरून नव्या जागी जातं. गावच्या यादीतही नाव असेल तर कुठलं ठेवायचं ते घरच्या घरी ठरवा. काकांकडे गेलात तर ते मदत जरूर करतील, पण डबा घेऊन जा.